दाबलं ते सुटेपर्यंत

ऑफिसांमध्ये एक तक्रार ठरलेली असते: "काल संध्याकाळपर्यंत फोल्डर इथंच होतं, आज गायब." कुणी डिलीट केलेलं नसतं, व्हायरसही नसतो. शोधाशोध केली की ते शेजारच्याच एखाद्या फोल्डरच्या पोटात सापडतं. कुणीतरी घाईत डबल-क्लिक करायला गेलेलं असतं, बटण दाबलेलं असतानाच हात जरा घसरतो आणि संगणक समजतो की हे फोल्डर उचलून त्या फोल्डरात टाकायचं आहे. ज्याच्या हातून हे होतं त्याला पत्ताही नसतो.

यात संगणकाचीही बाजू आहे. माउसचं बटण खाली गेलं त्या क्षणी तुम्ही क्लिक करणार आहात की ड्रॅग, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. पुढे हात हलला तर ड्रॅग, न हलता बटण सुटलं तर क्लिक. पण माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. नुसत्या क्लिकमध्येही पॉइंटर एखाद-दुसरा पिक्सेल सरकतोच. म्हणून प्रत्येक व्यवस्थेनं एक उंबरठा ठरवून घेतला आहे. दाबल्या जागेपासून तेवढं अंतर ओलांडलं तरच ड्रॅग सुरू झाला असं धरायचं. विंडोजमध्ये हा उंबरठा मुळात ४ पिक्सेलचा. लिनक्सवरचे बरेच प्रोग्रॅम ज्या जीटीकेवर उभे आहेत, तिथे ८. क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनसंचात, प्लॅटफॉर्मनं वेगळं सांगितलं नसेल तर, १०. म्हणजे सहा पिक्सेल घसरलेला तोच हात एका ठिकाणी क्लिक ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी फोल्डर हलवतो. सामायिक सर्व्हर सांभाळणारे काही अॅडमिन विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन 'ड्रॅगविड्थ' आणि 'ड्रॅगहाइट' हे दोन आकडे वाढवून ठेवतात, ते याच कटकटीपायी.

उंबरठा ओलांडल्यावर आणखी एक बारकावा येतो. ड्रॅग सुरू झाला हे कळेपर्यंत पॉइंटर चार-आठ पिक्सेल पुढे गेलेला असतो. आता उचलायचं काय, मूळ दाबलेल्या बिंदूखालचं की आत्ताच्या बिंदूखालचं? उत्तर अर्थातच पहिलं. पण कच्चा प्रोग्रॅमर दुसरं लिहितो, आणि मग यादीतली तिसरी ओळ पकडायला जावं तर चौथी हातात येते. वापरणाऱ्याला वाटतं आपलीच नजर चुकली.

क्लिक हा एक क्षण आहे. तो येतो आणि जातो. ड्रॅग ही अवस्था आहे, तिला सुरुवात आणि शेवट आहे, आणि दोन्हींच्या मध्ये काहीही घडू शकतं. बिल बक्स्टन यांनी १९९० मध्ये हाताळणीच्या साधनांसाठी तीन अवस्थांचं एक साधं प्रारूप मांडलं: साधन टप्प्याबाहेर, नुसता मागोवा, आणि बटण दाबून मागोवा. ही तिसरी अवस्था निभावण्यासाठी संगणकाला एक वचन द्यावं लागतं: बटण दाबलं तिथपासून सुटेपर्यंत हा माउस एकाच प्रोग्रॅमचा, एकाच वस्तूचा. हे वचन कोण देतं आणि कोण पाळतं, याबाबत विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या तीन तऱ्हा आहेत.

ओढण्याची कल्पना माउसबरोबर आपोआप आली, असंही नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला. पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा मजकूर-संपादक केला. त्यात बटण दाबून अक्षरांवरून माउस ओढला की तेवढा मजकूर निवडला जाई. पण त्याच झेरॉक्सनं १९८१ मध्ये 'स्टार' हा संगणक बाजारात आणला, तेव्हा वस्तू हलवण्यासाठी कीबोर्डवर 'मूव्ह' नावाची वेगळी कळ दिली होती. आधी वस्तू निवडा, मूव्ह दाबा, मग जागा दाखवा. चिन्ह पकडून सरळ ओढत न्यायचं, ही सवय जगाला लावली ती अॅपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांनी. माउसला बटण एकच, त्यामुळे त्या एका बटणाकडून होतील तितकी कामं करून घेणं भाग होतं. विंडोजकडे वळलेल्यांना ओढण्याची सवय बऱ्याच अंशी सॉलिटेअरनं लावली. पत्त्यांचा हा खेळ १९९० पासून विंडोज ३.० सोबत येऊ लागला, आणि आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांतही नवख्यांचा हात माउसवर बसवण्यासाठी तोच लावून देत.

आता त्या वचनाकडे. विंडोजमध्ये माउसचा संदेश पॉइंटरखाली जी विंडो असेल तिला जातो, हा मूळ नियम. समजा आवाज कमी-जास्त करायची पट्टी तुम्ही ओढत आहात आणि हात सरकून पॉइंटर विंडोच्या बाहेर गेला. आता संदेश शेजारच्या विंडोला जायला लागतील. बटणही बाहेरच सोडलंत तर पट्टीला ते कधी कळणारच नाही. मग परत आत आलात की बटण न दाबताही पट्टी पॉइंटरला चिकटून फिरत राहते. हे टाळायला प्रोग्रॅमरनं बटण दाबल्याबरोबर 'सेटकॅप्चर' असं सांगून माउस आपल्याकडे अडकवून घ्यायचा आणि सुटल्यावर 'रिलीजकॅप्चर' म्हणून मोकळा करायचा. विसरलात तर भोगा. इतकं करूनही मध्येच दुसरं काही पुढे आलं तर पकड काढून घेतली जाऊ शकते. तसं झालं की 'कॅप्चर बदललं' असा संदेश येतो, तो ऐकून ओढणं तिथेच सोडून द्यायचं असतं. बहुतेक चिकट पट्ट्या आणि भूत लागल्यासारख्या हलणाऱ्या वस्तू हा संदेश न ऐकल्यामुळे जन्माला येतात.

मॅकवर हे लचांड नाही. ज्या घटकावर बटण दाबलं गेलं, त्यालाच पुढचे सगळे संदेश जातात, पॉइंटर कुठेही भटको. शिवाय ओढताना होणारी हालचाल आणि मोकळी हालचाल हे मॅकमध्ये मुळातच दोन वेगळे संदेश आहेत. विंडोजमध्ये एकच, बटण दाबलेलं आहे का ते प्रोग्रॅमनं स्वतः तपासायचं. या बाबतीत मॅकची मांडणी निःसंशय अधिक शहाणी आहे.

लिनक्सवर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या एक्स-विंडो व्यवस्थेतही पकड आपोआप मिळते. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली ही व्यवस्था. बटण दाबताच सर्व्हर माउस त्या विंडोच्या हवाली करतो आणि सगळी बटणं सुटेपर्यंत तो तिचाच. मात्र ड्रॅगसाठी किंवा मेनूसाठी प्रोग्रॅम स्वतः मागून घेतो ती पकड इतकी घट्ट, की पकडणारा प्रोग्रॅम मध्येच लटकला तर अख्ख्या डेस्कटॉपवर कशावरच क्लिक होत नाही. लिनक्सवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांना एक अनुभव हमखास येतो: ड्रॅगच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावायचा, ड्रॅग करायचा, प्रोग्रॅम बरोबर तिथे थांबतो, आणि माउसही त्याच्याबरोबर थांबतो. डीबगर समोर दिसतो, पण त्यातल्या कशावरच क्लिक करता येत नाही. मग कंट्रोल-ऑल्ट आणि फंक्शनची कळ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जा, नाहीतर शेजारच्या मशीनवरून लॉगिन करून आपलाच प्रोग्रॅम मारा. याच पकडीमुळे एखादा मेनू उघडा राहिला असेल तर स्क्रीन लॉक होत नसे. सुरक्षेच्या दृष्टीनं हे भोक लहान नव्हतं.

एकच कोड तिन्हीकडे चालवायला निघालेल्यांची गंमत वेगळीच. मॅकच्या मूळ मांडणीत उभा अक्ष खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर मोजतात, विंडोज आणि एक्समध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. रूपांतर विसरलं की वस्तू वर ओढावी तर खाली पळते. विंडोजवर मुख्य स्क्रीनच्या डावीकडे दुसरा मॉनिटर लावला की तिथले आडवे आकडे ऋण होतात. जुन्या पद्धतीनं लिहिलेला प्रोग्रॅम उणे ५ हा आकडा बिनचिन्हाचा समजून वाचतो, तेव्हा तो ६५,५३१ होतो आणि ओढलेली वस्तू कुठल्या कुठे जाते. एका मॉनिटरवर चाचणी करणाऱ्याला ही चूक जन्मात दिसत नाही. कळांचंही तेच. विंडोजवर कंट्रोल दाबून ओढलं की प्रत होते. मॅकवर कंट्रोल-क्लिक म्हणजे उजवं बटण, त्यामुळे प्रतीसाठी तिथे ऑप्शन. लिनक्सवर ऑल्ट दाबून विंडो कुठूनही पकडून हलवायची जुनी, फार सोयीची पद्धत होती. पण चित्रकलेच्या आणि त्रिमितीच्या प्रोग्रॅमांना ऑल्ट-ड्रॅग स्वतःसाठी हवं असे. शेवटी ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपनं ते काम सुपर कळीकडे, म्हणजे विंडोजच्या खुणेच्या कळीकडे, दिलं.

विंडो स्वतःच ओढायची असेल तर? विंडोजमध्ये शीर्षकपट्टी पकडली की प्रोग्रॅमचा मुख्य धागा व्यवस्थेच्या एका आतल्या फेऱ्यात शिरतो आणि बटण सुटेपर्यंत त्यातून बाहेर येत नाही. नवशिक्याचा गेम विंडो पकडताच गोठतो तो म्हणून. पात्रं हवेत थांबतात, आवाज कधीकधी चालू राहतो. जुन्या मॅकवर तर त्याहून कडक कारभार होता: मेनू नुसता धरून ठेवला तरी मागे चाललेले इतर प्रोग्रॅम थबकत. त्या काळी विंडो ओढताना तिची फक्त बाह्यरेषा सरकायची, कारण आतलं सगळं पुन्हा पुन्हा रंगवण्याची ताकद मशीनमध्ये नव्हती. विंडोज ९५ च्या वेळी आतल्या मजकुरासकट विंडो ओढण्याची चैन 'प्लस!' या वेगळ्या विकत घ्यायच्या संचातून मिळत होती. आज आपण ती गृहीत धरतो.

एक्सची जागा घेत असलेलं वेलँड या बाबतीत सगळ्यांत हट्टी आहे. इथे प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हेच सांगितलं जात नाही. ती हलवायची असेल तर त्यानं व्यवस्थेला विनंती करायची, आणि विनंतीबरोबर बटण दाबलं गेलं त्या घटनेचा अनुक्रमांक द्यायचा. तो अनुक्रमांक म्हणजे माणसानं खरोखर बटण दाबल्याचा पुरावा. तो नसेल तर विनंती केराच्या टोपलीत. परिणामी ब्राउझरचा टॅब ओढून वेगळी विंडो करण्यासारख्या साध्या गोष्टींसाठीही पुढे स्वतंत्र नियम लिहावे लागले. बरेच प्रोग्रॅमर यावर वैतागले आहेत. मला मात्र वेलँडचं म्हणणं पटतं. माणसाचा हात बटणावर नसताना विंडोंनी स्वतःहून इकडेतिकडे पळायचं काही कारण नाही.

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात ओढताना प्रकरण आणखी रंगतं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, कदाचित वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेले. लिनक्सवर जॉन लिंडल यांनी सुचवलेला 'एक्सडीएनडी' हा करार चालतो, विंडोजवर ओएलई. दोन्हींची रीत थेट स्थळं बघण्याच्या कार्यक्रमासारखी. पाहुणा दारात आला की आधी नुसती ओळख: माझ्याकडे अमुक अमुक प्रकारचा माल आहे, साधा मजकूर, चित्र, फाइलचा पत्ता. पॉइंटर जरा हलला की पुन्हा विचारणा: इथे चालेल का? यजमान प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हणतो, आणि त्यावरून पॉइंटरशेजारी अधिकचं किंवा मनाईचं चिन्ह उमटतं. खरा माल मात्र बटण सुटेपर्यंत सहसा हातात देत नाहीत.

विंडोजमधली मेख अशी, की ही बोलणी चालू असताना दोघंही एकमेकांसाठी खोळंबून असतात. फाइल टाकल्यावर यजमान प्रोग्रॅमनं तिथल्या तिथे 'खरंच उघडू का?' असा प्रश्न समोर ठेवला, तर उत्तर मिळेपर्यंत ज्या एक्सप्लोररमधून फाइल आणली तोही गोठलेला राहतो. नवल म्हणजे लोक नावं ठेवतात एक्सप्लोररला. विंडोज व्हिस्टापासून आणखी एक भिंत उभी राहिली. अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये साध्या एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही, कारण खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमनं वरच्याला काही पाठवणं धोक्याचं मानलं गेलं. कुठे तसं सांगितलेलं नसतं. नुसतं मनाईचं चिन्ह दिसतं.

हलवणं की प्रत करणं, यात मात्र विंडोज आणि मॅक यांचं एकमत आहे: त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर प्रत होते. तंत्रज्ञाच्या दृष्टीनं हे तर्काला धरून आहे, कारण एकाच ड्राइव्हवर हलवायला नुसती नोंद बदलावी लागते. पण सामान्य माणसानं ड्राइव्हची गणितं का करावीत? पेनड्राइव्हवर ओढताना मूळ फाइल जागेवर राहते, आणि त्याच विश्वासानं डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये ओढलेली मात्र डेस्कटॉपवरून नाहीशी होते. विंडोजवर उजव्या बटणानं ओढलं तर सोडताना 'हलवू, प्रत करू की शॉर्टकट करू' असा मेनू येतो. इतकी चांगली सोय इतक्या कमी लोकांना ठाऊक असावी याचं वाईट वाटतं. ओढता ओढता मन बदललं तर एस्केप दाबावं; हे तिन्हीकडे चालतं.

मन बदलण्याची आणखी एक तऱ्हा विंडोजच्या स्क्रोलपट्टीत आहे. ठोकळा पकडून खाली ओढताना हात बाजूला बराच लांब गेला, तर पान टुणकन मूळ जागी परततं. ओढणं रद्द करायची ही मुद्दाम ठेवलेली वाट आहे. पण ज्याला ती ठाऊक नाही, त्याला मशीन बिघडलं असंच वाटतं, आणि मॅकवरून आलेल्याला तर हमखास.

चित्र काढणाऱ्यांचा अनुभव निराळा. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगचे माउस १,००० वेळा. एवढे संदेश रांगेत साठवले तर मंद प्रोग्रॅम मागे पडेल, म्हणून विंडोज मधल्या जागा गाळून प्रोग्रॅम विचारेल तेव्हाची ताजी जागा सांगतं. विंडो हलवायला हे उत्तम. पण झर्रकन गोल काढला तर त्याचा षट्कोन होतो. त्यासाठी मागे गळलेल्या ६४ बिंदूंपर्यंतचा इतिहास मागवायची सोय विंडोजनं ठेवली आहे, आणि आता ब्राउझरांनीही तशी दिली आहे. ती वापरणारे प्रोग्रॅम रेघ गोल ठेवतात.

आणि आपल्या लिपीत ओढून निवड करताना जे होतं ते तर इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही येत नाही. 'किती' या शब्दावरून डावीकडून माउस ओढा. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते. पॉइंटर वेलांटीवर आहे म्हणून फक्त वेलांटी निवडायची म्हटलं तर क मागे राहील. म्हणून चांगले प्रोग्रॅम पूर्ण अक्षर एकदम निवडतात. 'स्त्री' मध्ये तर सहा घटक आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. युनिकोडच्या मूळ नियमांप्रमाणे या शब्दाचे तीन तुकडे पडत, आणि निवड जोडाक्षराच्या मध्येच थांबू शके. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरायची, हा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. मधल्या काळात ज्यानं त्यानं आपापली युक्ती लढवली. त्यामुळे एकाच वाक्यावरून माउस ओढताना एका प्रोग्रॅममध्ये अक्षर सलग निवडलं जातं आणि दुसऱ्यात अर्धं तुटतं, पेस्ट केल्यावर पाय मोडलेला स् हाती येतो.

मुळात ओढणं हे हाताला सोपं नाहीच. स्कॉट मॅकेन्झी, अबिगेल सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माउस, ट्रॅकबॉल आणि पाटीवरचं पेन यांची तुलना केली. नुसतं नेम धरून टिचकी मारण्यापेक्षा ओढण्याला वेळ जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या. टिचकी मारणं आणि ओढणं या दोन्हींत ट्रॅकबॉल शेवटचा आला. कारण उघड आहे, बोटांनी बटण दाबून धरायचं आणि त्याच हातानं अचूक सरकायचं. संधिवात किंवा कंप असलेल्यांना हे अशक्यही होतं. वेबच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी २.२ हे नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यांत म्हटलं आहे की जे काम ओढून होतं ते न ओढता, साध्या टिचक्यांनीही करता आलं पाहिजे. ओढणं अपरिहार्यच असेल तिथे अपवाद. नकाशा सरकवायला बाणांची बटणं, यादीत ओळ वर-खाली करायला 'वर' आणि 'खाली'.

विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'क्लिकलॉक' नावाची चौकट बरीच वर्षं पडून आहे, मुळात बंद असते. ती चालू केली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, मोकळ्या हातानं सरकायचं आणि हवं तिथे पुन्हा एक टिचकी मारायची. मॅकवर अॅक्सेसिबिलिटीत तीन बोटांनी ओढायचा पर्याय आहे. बोटं उचलली तरी तो क्षणभर ओढणं सुटू देत नाही, तेवढ्यात ती ट्रॅकपॅडवर पुन्हा टेकवता येतात. दोन्हींसाठी प्रोग्रॅममध्ये काहीच बदलावं लागत नाही. हात मोकळा असला तरी व्यवस्था त्याला बटण दाबलेलंच आहे असं सांगत राहते.